सात धिरडी आणि एक साडू

आमच्याकडे मेंढा कापला की त्याचा कुठला भाग कुणाच्या ताटात जायचा हे आधीच ठरलेलं असतं. डोकं सगळ्यात मानाच्या पाहुण्याला, कमरेचं हाड वडीलधाऱ्यांना, कान पोरांना आणि छातीचा तुकडा जावयाला. यात कुणी वाद घालत नाही. सासूबाई ताट पुढे सरकवतात, जावई मान खाली घालून ‘कशाला, कशाला’ म्हणतो आणि तुकडा ओढून घेतो. पण हा नियम ज्यानं केला त्याला बहुधा एकच मुलगी असावी. कारण मेंढ्याला छाती एक असते आणि माझ्या सासऱ्यांना मुली दोन आहेत.

लग्न झाल्यापासून तो तुकडा माझा. मी थोरला जावई, तोलेगेन, अल्माटीच्या ट्रॉलीबस डेपोत वेळापत्रकं तयार करणारा माणूस. अर्धं शहर माझ्या वेळापत्रकावर चालतं, म्हणजे चालायला हवं, पण तो विषय वेगळा. पुढे मेहुणीचं, झानसायाचं, लग्न झालं आणि मादियार नावाचा साडू माझ्या आयुष्यात आला. बँकेत नोकरी, अंगासरसा शर्ट, पोट नावाचा अवयवच नाही. तरी सुरुवातीची वर्षं बरी गेली. मला छाती, त्याला बरगडी. तोही बरगडी मुकाट खायचा आणि मीही त्याला ‘घे रे, लाजू नकोस’ असं मोठ्या मनानं म्हणायचो.

मग सासऱ्यांची साखर वाढली. ओराझबेक अता म्हणजे कास्केलेनच्या सफरचंदांच्या बागेत जन्म घालवलेला माणूस, बशीभर जॅम खाल्ल्याशिवाय चहाला चहा न म्हणणारा. डॉक्टरांनी सगळं बंद केलं. अशा वेळी माणसानं काय करावं? हळहळावं. मी तेच केलं. मादियारनं मात्र दर रविवारी सासुरवाडीला डबा न्यायला सुरुवात केली. डब्यात धिरडी. साधी नाहीत, भरपूर प्रथिनांची आणि भरपूर चोथ्याची. तो त्यांना हाय-प्रोटीन, हाय-फायबर पॅनकेक म्हणायचा आणि ते म्हणताना पोट आत घ्यायचा, जे मुळातच आत होतं. काही महिन्यांत अतांची साखर उतरली. सासूबाई ज्याला त्याला सांगत सुटल्या की आमच्या धाकट्या जावयानं स्वतःच्या हातानं करून घातलं हो.

आणि नौरोजच्या जेवणाला, पन्नास माणसांसमोर, छातीचा तुकडा मादियारच्या पुढे गेला.

मला आधी वाटलं सासूबाईंचा चष्मा घरात राहिला असेल. पण चष्मा डोळ्यांवर होता. माझ्या ताटात बरगडी आली. मादियारनं ‘कशाला, कशाला’ म्हटलं आणि मला म्हणाला, “घ्या ना अगा, लाजू नका.” अगा म्हणजे दादा. माझंच वाक्य मला परत. माझा नुसता तिळपापड झाला. हात धुवायचं निमित्त करून मी अंगणात जाऊन उभा राहिलो. तिथे त्यांचा म्हातारा कुत्रा मोइनाक बांधलेला. तोसुद्धा अलीकडे कसा भरला होता. छाती रुंद, केस तुकतुकीत, गळ्यातला पट्टा दोन भोकं पुढे सरकलेला. त्या घरात माझ्याशिवाय सगळ्यांचं बरं चाललं होतं.

घरी येताना मी बायकोला, रौशानला, एवढंच म्हणालो की आज सासूबाईंचं जरा चुकलंच. ती म्हणाली, मांसच ना ते, इकडचं काय नि तिकडचं काय. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, मादियार खरंच किती करतो ना बाबांचं. पुढच्या सगळ्या रस्त्यावर मी एक अक्षर बोललो नाही. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

ऑगस्ट संपता संपता अतांचा पंच्याहत्तरावा वाढदिवस ठरला. रविवारी, कास्केलेनला, मेंढा कापून. हे कळलं त्याच दिवशी मी ठरवलं की धिरडी करायची. मादियारच्या धिरड्यांपेक्षा जास्त प्रथिनांची, जास्त चोथ्याची, आणि एकदा खाल्ली की साखरेनं पुन्हा त्या घराची पायरी चढता कामा नये अशी. रौशान म्हणाली, झानसायाला फोन करून कृती विचारते. मी म्हणालो, खबरदार. साडूच्या कृतीनं साडूला हरवायचं म्हणजे त्याच्याच शर्टात त्याच्याच लग्नाला जाण्यासारखं आहे.

फोनवर एक मुलगी असल्या कृती करून दाखवते. तिच्याकडून मी साहित्य उतरवून घेतलं. ओट्स, कुट्टूचं पीठ, चण्याचं पीठ, टांगलेल्या दह्याचा चक्का, अंडी, गव्हाचा कोंडा, जवस, प्रोटीन पावडर आणि इसबगोल. या शेवटच्या वस्तूचा डबा भारतातून आलेला होता आणि दुकानदारानं तो देताना माझ्याकडे सहानुभूतीनं पाहिलं. मी त्याला समजावलं की मला तसला काही त्रास नाही. तो म्हणाला, सगळे असंच म्हणतात.

प्रोटीन पावडर पार्सलनं मागवली होती. ती घ्यायला पार्सलच्या ऑफिसात गेलो तर पिशवीचा कोपरा फाटलेला आणि पांढरी भुकटी काउंटरभर सांडलेली. खिडकीतल्या बाईंनी त्यांच्या वरिष्ठांना बोलावलं. वरिष्ठांनी भुकटी पाहिली, मग मला पाहिलं, मग विशेष करून माझं पोट पाहिलं. हे काय आहे म्हणाले. मी म्हणालो, व्यायाम करणाऱ्यांची पावडर. ते म्हणाले, ते वाचलं मी, पण तुम्हाला कशाला? माझ्याकडे उत्तर होतं, पण ते साडूपासून सुरू झालं असतं आणि मागे रांग होती. शेवटी ते म्हणाले, तुमचीच असेल तर इथे पिऊन दाखवा. मी कागदी पेल्यात पाण्यात कालवून उभ्या उभ्या प्यायलो. मिशी पांढरी झाली. रांगेतला एक माणूस म्हणाला, काकांना आता लगेच काही उचलायला देऊ नका. असे अपमान मी नुसते गिळत गेलो, पावडरीसकट.

हे सगळं जिन्यात कळायला वेळ लागला नाही. आमच्या इमारतीत फोडणी कुणी दिली हे वास येण्याआधी समजतं. समोरच्या दारातल्या उमसिन अपा म्हणजे आमच्या जिन्याचं मुख्य न्यायालय. त्यांनी दारातूनच विचारलं, काय चाललंय बाळा? मी नौरोजपासूनची कहाणी सांगितली. बरगडीपाशी आलो तेव्हा त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला. मग म्हणाल्या की पिठात मेंढ्याच्या शेपटीची चरबी घाल, चरबीशिवाय ताकद कुठून येणार? वरच्या मजल्यावरचे गेन्नादी पाक म्हणाले, चरबी अजिबात नको, सोयाबीनचं पनीर कुस्करून घाला, आम्ही कोरियन लोक त्याच्यावरच जगलो. खाली बाकावर बसणाऱ्यांचं मत पडलं की घोडीचं दूध. सोसायटीचे अध्यक्ष म्हणाले की काय घालायचं ते घाला, पण स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवून घाला. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मनात म्हटलं, मादियारला तरी कुठे एवढे सल्लागार होते.

पहिला प्रयोग मंगळवारी झाला. कृतीत इसबगोल एक चमचा लिहिला होता. मी विचार केला, मादियारही एकच चमचा घालत असणार. म्हणून मी चांगला दोन मुठी घातला. पाणी ओतलं, ढवळलं आणि डेपोतून फोन आला म्हणून बाहेर गेलो. परत येऊन पळी उचलली तर पळीबरोबर पातेलंही वर आलं. पातेलं हलवलं तर आतलं सगळं एकजीव हललं. त्याचं धिरडं होईना, त्याचा गोळा होईना आणि ते सांडेनाही. मी आणखी पाणी घातलं. त्यानं ते पिऊन टाकलं आणि आणखी मोठं झालं. शेवटी रौशान यायच्या आत मी ते गरम पाण्याबरोबर मोरीत लोटून दिलं.

इसबगोल मोरीत गेल्यावरही थांबत नाही हे त्या मुलीनं सांगितलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत आमच्या बाजूच्या सगळ्या मजल्यांची पाइप तुंबली. गेन्नादींच्या मोरीतून पाणी वर आलं. अध्यक्ष प्लंबर घेऊन आले. प्लंबरनं तार घातली आणि पाइपमधून हातभर लांब, थरथरणारं काहीतरी ओढून काढलं. अध्यक्षांनी ते बादलीत घेतलं, बादली माझ्यासमोर धरली आणि विचारलं की हे काय आहे. मी म्हणालो, नाश्ता. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये सूचना लागली की काही सुशिक्षित रहिवासी काय वाटेल ते मोरीत सोडतात. नाव नव्हतं. पण लिफ्टमध्ये चढणारा प्रत्येक जण सूचना वाचून माझ्याकडे बघायचा.

रौशाननं त्या संध्याकाळी मला समोर बसवलं. म्हणाली, “तोलेगेन, बाबांसाठी करतोयस की मादियारसाठी?”

मी म्हणालो, अर्थात बाबांसाठी. ती म्हणाली, मग बाबांना आवडतं ते कर ना. बाबांना जॅम आवडतो, मी म्हणालो.  शुक्रवारी सकाळी ती आईला मदत करायला कास्केलेनला निघून गेली. जाताना उमसिन अपांची मोठी कढई आणि चहाचा बंब, समोवर, मागून घेतला. घाईत होती, कांदे चिरून डोळे लाल झालेले, टॅक्सी खाली हॉर्न वाजवत होती. त्यामुळे अपांशी धड दोन शब्दही न बोलता गेली.

त्या दुपारी मी सुटी टाकून घरी थांबलो आणि त्या दुपारी मला जमलं. इसबगोल चमचाभर, कोंडा बेताचा, चक्का नीट फेटलेला. फक्त एक अडचण होती. कोरड्या तव्यावर ते बेटं चिकटायचं. कृतीत ठळक लिहिलं होतं की तेल नको. पण मी म्हटलं, ती मुलगी काही माझ्या तव्यासमोर उभी नाही. थोडं तेल घातलं. मग आणखी थोडं. शेवटी धिरडी तेलात पोहायला लागली आणि सोनेरी, गोल, फुगलेली निघाली. इसबगोलाच्या सोसायटी प्रकरणानंतर खिडकी उघडी, दार उघडं. तेलाचा वास सगळ्या जिन्यात गेला. पिठात सात झाली. स्वतः खायची माझी हिंमत नव्हती, कारण मंगळवारपासून मी दुसरं काही खाल्लंच नव्हतं. म्हणून म्हटलं, रविवारआधी चार माणसांचं मत घ्यावं. बशीत एकेक ठेवलं आणि शेजाऱ्यांना वाटायला निघालो.

आता कुणी म्हणेल, अरे, तू इथेच वाढलेला माणूस ना? शुक्रवारी, तेलात तळलेली, गोल, सात, आणि दारोदार? हो, मला सगळं माहीत आहे. आमच्या घरातल्या बायका शुक्रवारी गेलेल्या माणसांच्या नावानं सात पुऱ्या तळतात, तेलाचा वास त्यांच्यापर्यंत पोचतो म्हणतात, आणि सात घरी देतात. मी जन्मभर त्या खाल्ल्यात. पण तळल्या कधीच नाहीत, आणि मोजल्याही नाहीत. आमच्यात पुरुषाचा त्यातला भाग फक्त तोंडाचा. शुक्रवार म्हटलं की मला फक्त बाजाराकडच्या मार्गाच्या जादा गाड्या आठवतात. आणि त्या आठवड्यात तर माझ्या डोक्यात मादियारशिवाय दुसरं काही राहायलाही जागा नव्हती.

उमसिन अपांनी दार उघडलं. त्यांनी बशी पाहिली. मला पाहिलं, माझे धुरानं लाल झालेले डोळे पाहिले. मग माझ्या खांद्यावरून त्यांनी आमच्या रिकाम्या घराकडे पाहिलं.  बशी दोन्ही हातांनी घेतली, मला आत बसवलं, तळवे पसरून बराच वेळ काहीतरी पुटपुटल्या आणि दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले. मीही फिरवले. मोठ्या माणसानं फिरवले की आपले हात आपोआप उठतात, त्याला विचार करावा लागत नाही.

“कबूल होवो,” त्या म्हणाल्या. “सगळे कधी जमतायत?”

मी म्हणालो, “रविवारी. कास्केलेनला, सासऱ्यांकडे.”

“मन घट्ट कर बाळा. आम्ही आहोत तुझ्या पाठीशी.”

मला भरून आलं. साडूविरुद्ध एवढा भक्कम पाठिंबा मला घरातही मिळाला नव्हता. गेन्नादी जन्मापासून आमच्यातच राहिलेले, त्यांनीही चेहऱ्यावरून हात फिरवला आणि माझा हात बराच वेळ सोडला नाही. अध्यक्षांनी तर टोपी काढली. म्हणाले, त्या सूचनेचं मनावर घेऊ नका, आजच काढतो. आणि सगळ्यांनी माझ्यासमोर खाल्लं. शेवटच्या घासापर्यंत, सावकाश, खाली बघत. कुणी नाक मुरडलं नाही, कुणी मीठ कमी म्हटलं नाही. मादियारची धिरडी हातात घेऊन कुणी कधी प्रार्थना केली होती का? मी जिना चढलो तो शीळ घालत. गेन्नादींच्या बायकोनं दाराच्या फटीतून माझ्याकडे पाहिलं आणि डोळ्यांना रुमाल लावला. मला वाटलं, चव अजून जिभेवर रेंगाळत असेल.

रविवारी सकाळी ताज्या धिरड्यांचा डबा घेऊन मी कास्केलेनला पोचलो. टेबलावर मादियारचा डबा आधीच ठेवलेला. त्याचा डबा काचेचा होता, माझा आइस्क्रीमचा. मी माझा त्याच्या शेजारी, किंचित पुढे ठेवला. अतांनी दोन्ही डब्यांकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा जरा उतरला. मला ते वाढदिवसाचं भारावलेपण वाटलं. मी त्यांच्या कानात सांगितलं की अता, अख्ख्या जिन्यानं खाल्ली, एकानंही टाकली नाहीत. मादियारच्या कानावर जाईल इतपत मोठ्यानं सांगितलं.

मांस आलं. वाफा निघत होत्या. डोकं अतांच्या थोरल्या भावापुढे गेलं, कमरेची हाडं वडीलधाऱ्यांपुढे. मग सासूबाईंनी छातीच्या तुकड्याचं ताट उचललं. त्या माझ्याकडे बघतायत की मादियारकडे, हे त्यांच्या चष्म्यामुळे कळत नव्हतं. मी मान खाली घालून ‘कशाला’ तोंडात तयार ठेवलं. ताट हवेत थांबलं. आणि तेवढ्यात अंगणात मोइनाक भुंकायला लागला.

बाहेरून आवाज आला. “हाय रे माझ्या भावा!” आमच्याकडे मयताच्या घरी जाताना पुरुष लांबूनच असं ओरडत येतात.  अता उठले. मी बघतो म्हणाले. मला आता वाटतं, त्या दोन डब्यांपासून उठायला त्यांना निमित्तच हवं होतं.

मी खिडकीशी गेलो. फाटकातून आधी अध्यक्ष आणि गेन्नादी, मागे आमच्या जिन्यातल्या बायका आणि सगळ्यांत पुढे घुसून उमसिन अपा. डोळे मिटलेले, तोंडानं विलाप चाललेला. रस्त्यात जो पहिला माणूस भेटला त्याच्या गळ्यात त्यांनी हात टाकले. तो पहिला माणूस म्हणजे ओराझबेक अता.

“कसा रे देवमाणूस होता,” अपा रडत म्हणाल्या.

अता रीत जाणणारे. गळ्यात पडून कुणी रडलं की आपणही रडायचं असतं. त्यांनी अपांना घट्ट धरलं आणि तेही हुंदके द्यायला लागले. “होता ना,” म्हणाले, “कसा अचानक गेला.” दोघं बराच वेळ रडले. आजूबाजूच्या बायकाही रडल्या. मग अतांनी नाक पुसलं आणि हळूच विचारलं, “उमसिन, गेलं कोण?”

अपांनी डोळे उघडले. गळ्यातले हात काढले, दोन पावलं मागे सरल्या आणि सरकता सरकता गेन्नादींच्या पायावर चढल्या. अध्यक्ष जे मटकन खाली बसले ते मोइनाकच्या खोपट्यावर. एव्हाना घरातले सगळे अंगणात आले होते. अपांनी सांगितलं. समोवर आणि कढई गेली ते पाहिलं होतं, रौशानचे डोळे पाहिले होते, अतांचं आजारपण माहीत होतं, आणि शुक्रवारी घरच्या पुरुषानं, बायको घरात नसताना, स्वतः तळून सात घरी वाटलं. विचारायचं काय राहिलं होतं?

“तू वाटलीस?” रौशान मला म्हणाली. “शुक्रवारी? सात? तेलात तळून?”

“तेल जरा जास्त झालं,” मी म्हणालो.

पन्नास माणसं माझ्याकडे बघत होती. नौरोजला जी होती तीच, बहुतेक. सासूबाई मट्‌कन ओट्यावर बसल्या आणि डोक्यावरच्या रुमालानं डोळे पुसायला लागल्या. जिवंत माणसाच्या नावानं, त्याच्याच वाढदिवशी, थोरल्या जावयानं, असं त्या एकेक शब्द वेगळा करून म्हणत होत्या. मला वाटलं जमीन दुभंगावी. आणि त्यात मादियार पुढे झाला आणि नम्रपणे म्हणाला की अगांच्या मनात वाईट काही नव्हतं हो. साडूनं आपली बाजू घ्यावी याच्याइतकी नामुष्की दुसरी नाही. मी अपांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, निदान चवीला तरी बरी होती ना? त्या म्हणाल्या, “बाळा, मयताचं म्हणून गिळलं. नाहीतर भिंतीला लावायच्या कामाचं होतं.”

 अतांनी मात्र अंगणातलं स्टूल ओढलं, त्यावर बसले आणि अपांना म्हणाले, “तू म्हणत होतीस ते पुरं कर.”

अपा नको नको म्हणाल्या. अशुभ असतं म्हणाल्या. अता म्हणाले, “मी गेल्यावर म्हणशील. मला काय ऐकू येणार आहे? आता आलीच आहेस तर म्हण.”

मग अपांनी म्हटलं. आधी चाचरत, मग लयीत, डोळे मिटून. ज्या वर्षी वीज नव्हती, पगार नव्हते आणि जिन्यात लोक मेणबत्त्या घेऊन चढत होते, त्या हिवाळ्यात या माणसानं थोरल्या मुलीच्या शेजाऱ्यांना म्हणून सफरचंदांची पोती आणून प्रत्येक दारात ठेवली. दार न ठोठावता गेला. पोती परत मागितली नाहीत. माझा नवरा वारला तेव्हा कबर खणायला कुणी विचारण्याआधी हा फावडं घेऊन उभा होता.  मीही हे नव्यानंच ऐकत होतो. आमच्या दारातली पोती मीच आत ओढली होती, पण ती कुणी ठेवली हे विचारायचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. अता मान खाली घालून ऐकत होते आणि त्यांच्या गुडघ्यावर थेंब पडत होते.

सगळे आत आले. आमच्या जिन्यालाही जागा करून बसवलं. सासूबाईंनी ते ताट पुन्हा उचललं, या वेळी त्या कुणाकडे बघतायत हे चष्म्यातूनही स्वच्छ दिसत होतं. पण अतांनी ते त्यांच्या हातातून घेतलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

“दीड वर्ष या घरात सगळे माझी साखर मोजतायत,” ते म्हणाले. “आज कुणीतरी मला मोजलं. खा.”

मी ‘कशाला’ म्हणायलाही विसरलो. तुकडा ओढून घेतला आणि मग सावकाश, मान वर करून, मादियारकडे पाहिलं. याच क्षणासाठी मी मंगळवारपासून जगत होतो. त्याच्या ताटात बरगडी होती. पण तो तुकड्याकडे बघतच नव्हता. तो माझ्या आइस्क्रीमच्या डब्याकडे बघत होता.

“अगा,” तो हळूच म्हणाला, “खरंच सातही जणांनी धिरडं संपवलं?”

“शेवटच्या घासापर्यंत,” मी म्हणालो. ते खोटं नव्हतं.

“नशीबवान आहात.” त्यानं आवाज आणखी खाली आणला. मी दर रविवारी डबा देतो, म्हणाला, आणि गाडी वळवताना आरशात दिसतं की अता डबा घेऊन अंगणात जातात. सगळं मोइनाकला. दीड वर्ष. अतांना वाईट वाटेल म्हणून मी बोललो नाही, म्हणाला. “आणि साखर गोळ्यांनी उतरली. सासूबाईंना किती वेळा सांगितलं, त्यांना पटतच नाही.”

मी त्याच्याकडे पाहिलं. अंगासरशा शर्टात तो मला पहिल्यांदाच जरा बारीक वाटला. दर रविवारी पहाटे उठून करायचं आणि ते कुत्र्यानं खाताना आरशात बघायचं, आणि वर्षानुवर्षं बरगडी चावत हसायचं. माझ्या पोटातलं इतक्या महिन्यांचं दुखणं एकदम थांबलं. मी सुरी घेतली, छातीच्या तुकड्याचे दोन भाग केले आणि एक त्याच्या ताटात ठेवला. टेबलावर कुणीतरी ‘वाह’ म्हणालं. रौशाननं माझ्याकडे असं पाहिलं, जसं तिनं लग्नानंतरही फार वेळा पाहिलेलं नाही.

जेवणं झाल्यावर माझा डबा तसाच भरलेला होता. जिवंत माणसाच्या नावाची धिरडी कोण तोंडात घालणार? म्हटलं, वाया कशाला घालवा. अंगणात गेलो आणि एक धिरडं मोइनाकसमोर टाकलं. त्यानं हुंगलं. पंजानं उलटं केलं, दुसऱ्या बाजूनं हुंगलं. मग नाकानं त्यावर माती लोटली आणि पाठ फिरवून बसला.

मागून मादियार आला, हातात काचेचा डबा. झाकणाचा आवाज होतो न होतो तोच मोइनाक मागच्या दोन पायांवर उभा राहून नाचायला लागला. मादियारनं एक दिलं, त्यानं हवेतच पकडलं. दुसरं दिलं, तिसरं दिलं, आणि तो साडूचे हात चाटत, कूं कूं करत त्याच्या पायांत घोटाळत राहिला.

मी तिथे उभा राहून बघत होतो आणि माझ्या पोटात पुन्हा दुखायला लागलं होतं. दिलेला अर्धा तुकडा परत मागण्याची आमच्यात काही रीत आहे का, हे घरी गेल्यावर उमसिन अपांना विचारायचं मी ठरवलं.